फॉल-बिडिंगची वही

वकीलबाईंच्या ऑफिसात टाइप करायला बसलेली मुलगी गुणी होती. आम्ही घामाघूम होऊन आलोय हे बघून तिने पंखा आमच्याकडे वळवला, पाणी दिलं आणि मग हॉस्पिटलविरुद्धच्या आमच्या तक्रारीच्या मसुद्यातली एकेक जागा भरत गेली. आईचं पूर्ण नाव, वय, पत्ता, शिक्षण सातवी. "मासिक उत्पन्न?" तिने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "काही नाही, ती घरीच असायची." मुलीने शून्य टाकलं आणि पुढचा प्रश्न विचारला. काम आटोपून आम्ही दादरच्या गर्दीत उतरलो. भाऊ पुढच्या तारखांबद्दल, झेरॉक्सबद्दल बोलत होता आणि माझं लक्ष त्या शून्यावरून हलत नव्हतं. भाऊ खोटं बोलला नव्हता. आई कधी कुठे नोकरीला गेली नाही, तिच्या नावाचा पगार कधी कुठल्या बँकेत जमा झाला नाही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

लालबागला आमच्या चाळीत दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली की आई खिडकीखाली चटई टाकून बसायची. मांडीवर साडीचा काठ, उजव्या हाताला दोऱ्यांचा डबा. हिंदमाताच्या एका दुकानातून साड्यांचा गठ्ठा यायचा, शिवाय चाळीतल्या आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या बायका होत्याच. फॉल ती आधी पाण्यात भिजवायची, दांडीवर वाळवायची, इस्त्री फिरवायची आणि मगच लावायला घ्यायची. तसं केलं नाही तर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो आणि निऱ्या खालून ओढल्यासारख्या दिसतात. टाका इतका बारीक, की साडीच्या सुलट बाजूने नुसता ठिपका दिसावा. नव्या साडीच्या खळीला एक कोरडा, नाकात बसणारा वास असतो. लग्नसराईत आमची अख्खी खोली त्या वासाने भरलेली असे. दोरा ती दाताने तोडायची. कात्री शेजारी असली तरी दातानेच.

या कामाची तिची एक वही होती, शंभरपानी, वरून कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेली. तारीख, कुणाची साडी, रंग, काय काम, किती पैसे. "तळमजल्याच्या वहिनी, मोरपंखी, फॉल बिडिंग." पैसे मिळाले की पुढे बरोबरची खूण. 1982च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा धड उभी राहिली नाही, ते कुठेकुठे वॉचमनची कामं करत राहिले. आमच्या शाळेच्या फिया, भावाचं आयटीआय, माझ्या लग्नातलं मंगळसूत्र, सगळ्याला त्या वहीचा हातभार होता. एक भरली की दुसरी सुरू व्हायची.

आणि कागदावर शून्य.

खोकला सुरू झाला तो एका वर्षी गौरी-गणपतीनंतर. त्या दिवसांत लालबागमध्ये कोण खोकत नाही? धूप, गुलाल, पावसात भिजणं, रात्री-रात्री जागणं. पण दिवाळी आली तरी खोकला गेला नाही, संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं, दंड उतरले. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा तिने गुपचूप सगळ्यांच्या बाजूच्या टिपा आत घेतल्या. आम्हाला ते फार नंतर, तिची कपाटं आवरताना दिसलं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला खोकला आणि वजन या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की एकच शब्द सुचतो. शिवडीचं टीबी हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, कापसाच्या तुसाने छाती गेलेली माणसं घरोघरी, आणि आजही जगातल्या चार टीबी रुग्णांमागे एक भारतातला. म्हणून आमच्या भागातल्या एका खाजगी हॉस्पिटलातल्या छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रेवरची उजव्या बाजूची सावली दाखवून "टीबी वाटतोय, एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या सुरू करू" असं म्हटलं तेव्हा आम्हाला चक्क हायसं वाटलं. आजाराला नाव मिळालं. औषध होतं. सहा महिन्यांत माणूस बरा होतो हे चाळीत किती जणांच्या बाबतीत पाहिलं होतं. बेडक्यात जंतू सापडले नव्हते, पण कधीकधी सापडत नाहीत असं डॉक्टर म्हणाले, आणि तेही खरंच आहे.

डॉक्टरांबद्दल मला लिहायलाच हवं. ते आईला काकू म्हणायचे. बाहेर ओळीने माणसं बसलेली असताना तिचा हात हातात घेऊन बोलायचे, घरी काय शिजवलं विचारायचे. फी कधी जास्त लावली नाही. आई त्यांच्यासाठी नारळाच्या वड्या घेऊन जायची. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही निव्वळ राग नाही, आणि असता तर सगळं सोपं झालं असतं.

एकेटीच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. ज्याने कुणी घरात टीबीचं माणूस सांभाळलंय त्याला हे ठाऊक असतं. आई पहिल्या दिवशी घाबरून संडासातून बाहेर आली आणि मला खुणेने जवळ बोलावून हळूच सांगितलं. पुढच्या वेळी डॉक्टर हसून म्हणाले, "घाबरू नका काकू, औषध अंगात चाललंय त्याची खूण आहे." त्यानंतर ती रोज सकाळी रंग बघायची. पोटात ढवळायचं, तोंडाची चव गेलेली, भाताचा वास सहन व्हायचा नाही, तरी रंग केशरी आहे म्हणजे आपण बऱ्या होतोय अशी तिची खात्री. तो रंग रिफाम्पिसिन शरीराबाहेर पडतंय एवढंच सांगतो. आतल्या आजाराबद्दल तो काहीच सांगत नाही. तिचा तो विश्वास आठवला की मला आजही उमाळा येतो.

दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे झाला. सावली होती तशीच. टीबीचं औषध लागू पडलं की वजन भरायला लागतं, हिचं आणखी उतरलं होतं. गोळ्या चालूच राहिल्या. सहा महिने संपले, कोर्स वाढवला. केसपेपरवर दर भेटीला जवळपास तीच ओळ: प्रकृतीत सुधारणा, औषध पुढे चालू. मग ती जिन्यात मधल्या चौकटीला टेकून थांबायला लागली, फुप्फुसाभोवती पाणी झालं, आणि पाणी तपासायला गेल्यावर टीबी हा शब्द एका दुपारीच आमच्या आयुष्यातून गेला.

टाटा हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. 1941 पासून ते परळला आहे. आम्ही लहानपणापासून त्याच्या समोरून केईएमला, वाडियाला गेलेलो. फुटपाथवर पथाऱ्या टाकून बसलेली बिहारची, बंगालची, विदर्भाची माणसं, त्यांच्या स्टोव्हवरची खिचडी, उन्हात वाळत घातलेली लुगडी, हे सगळं बघत मोठे झालो. ती माणसं दोन-दोन रात्री रेल्वेत काढून त्या दारात पोचतात. आमच्या आईला लालबागहून तिथे पोचायला जवळजवळ वर्ष लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरने जुने सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून उजेडाच्या पेटीवर बघितले. पहिल्यावर लिंबाएवढी सावली, शेवटच्यावर निम्मी बाजू पांढरी. तो आधीच्या डॉक्टरांबद्दल एक अक्षर बोलला नाही. ॲडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा न लावलेल्या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर कसा, असं मावशी विचारत राहिली. तो होतो. बिडी-सिगारेटशी संबंध नसलेल्या बायकांमध्ये जो फुप्फुसाचा कॅन्सर आढळतो तो बऱ्याचदा याच जातीचा असतो, आणि त्यातल्या काहींच्या गाठीत एक विशिष्ट जनुकीय बदल असतो ज्यावर रोजच्या गोळीचा उपचार लागू पडतो. आईच्या गाठीत तो बदल निघाला. गोळीने तिला चांगले महिने दिले. नंतर गोळी लागू पडेनाशी झाली. शेवटचं सगळं इथे लिहीत नाही.

तक्रार करायचं आमच्या मनात लगेच आलं नव्हतं. वर्षश्राद्ध झाल्यावर भावाने आईची पिशवी काढली. साडीच्या दुकानाची ती जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात हॉस्पिटलची एकूण एक पावती, प्रत्येक रिपोर्ट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा. ती पिशवी आणि हॉस्पिटलकडून मागून घेतलेले केसपेपर आम्ही वकीलबाईंकडे दिले. रुग्णाने किंवा त्याच्या माणसांनी मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात असा 2002 च्या वैद्यक परिषदेच्या नियमांत दंडक आहे, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. पहिल्याच एक्स-रेच्या छापील रिपोर्टात शेवटची ओळ होती, की उपचारानंतर सावली कमी न झाल्यास सीटी स्कॅन करावा. दुसऱ्या एक्स-रेच्या रिपोर्टात होतं, आधीच्या तुलनेत फरक नाही. दोन्ही कागद फाइलीत एकामागे एक लावलेले होते. त्या फाइलीवर इतक्या लोकांच्या सह्या आहेत, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती सलग वाचणारं पहिलं माणूस एक वकील होतं.

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते असं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पैसे घेऊन दिलेला औषधोपचार ही सेवा आहे आणि रुग्ण हा ग्राहक. सरसकट सगळ्यांना फुकट उपचार देणाऱ्या दवाखान्याला मात्र हे लागू नाही. म्हणजे आईने जपलेल्या त्या पावत्यांनीच आम्हाला ग्राहक आयोगाच्या दारात उभं केलं. दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर तक्रारीला शुल्क पडत नाही. डॉक्टरांचा अंदाज चुकणं आणि डॉक्टरांनी हयगय करणं यांत कायदा फरक करतो, आणि तो करायलाच हवा असं मलाही वाटतं, नाहीतर अवघड केस हातात घ्यायला कुणी धजणार नाही. प्रश्न एवढाच असतो की त्याच जागी दुसरा साधारण जाणता डॉक्टर असता तर त्याने काय केलं असतं. सावली हलत नाही, वजन घसरतंय, रिपोर्ट सीटी करा म्हणतोय. वकीलबाईंनी 2010 चा एक निकाल दाखवला. हैदराबादच्या एका बाईंना मलेरिया असताना टायफॉइडचे उपचार मिळत राहिले आणि त्या गेल्या. चूक कागदांवरून उघड दिसत असेल तिथे प्रत्येक वेळी तज्ज्ञाचं मत मागवत बसायची गरज नाही, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. नुकसानभरपाई मिळाली दोन लाख. तो आकडा वाचून मी बराच वेळ गप्प होते.

मग हॉस्पिटलची लेखी कैफियत आली. आयोगाच्या भाषेत ते आता सामनेवाले. पहिला मुद्दा मुदतीचा, की तक्रार दोन वर्षांच्या आत हवी आणि ती उशिरा आली. ज्यांच्याकडे एका सीटी स्कॅनला इतके महिने लागले त्यांनी आमच्या उशिरावर बोट ठेवावं, हे वाचताना माझे हात थरथरले. वकीलबाई शांत होत्या. टाटाला निदान झालं तेव्हाच आपल्याला कळलं, मुदत तिथून मोजायची, त्या म्हणाल्या, तरी विलंब माफीचा अर्ज सोबत जोडलेला बरा. हा धोका पोकळ नाही. मुंबईत 1993 मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंच्या पोटात राहिलेली गॉज 2002 मध्ये निघाली, 2004 मध्ये त्यांनी तक्रार केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतीबाहेरची ठरवली, कारण एवढी वर्षं दुखत असताना त्या डॉक्टरांकडे परत का गेल्या नाहीत. आमची आई तर दर महिन्याला परत जात होती. वड्या घेऊन जात होती.

कैफियतीतला दुसरा मुद्दा, रिपोर्ट रुग्णाच्याच ताब्यात होता. इंग्रजीत छापलेला रिपोर्ट सातवी शिकलेल्या बाईच्या पिशवीत होता म्हणून वाचण्याची जबाबदारी तिची? ज्याने एक्स-रे काढायला सांगितला, रिपोर्ट वाचणं त्याचं काम. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. तिसरा मुद्दा सगळ्यात जड आणि खरंतर सगळ्यात प्रामाणिक. निदान आधी झालं असतं तरी मृत्यू टळला असता असं सिद्ध होत नाही. नाही होत. पहिल्या फोटोत पाणी नव्हतं, गाठ लहान होती, कदाचित ऑपरेशन झालं असतं, कदाचित तेव्हाही ती आत पसरलेली असती. शपथेवर कुणीच सांगू शकत नाही. या मुद्द्यापाशी भावाचं अवसान गेलं. "मग आपण भांडतोय कशासाठी?" तो म्हणाला. मामाने तर आधीच ऐकवलं होतं, की मेलेल्या बहिणीच्या नावावर पैसे मागताय, आणि तेही त्या देवमाणसाकडे.

त्या शून्याचा छडा लावायला म्हणून मी आईच्या वह्या काढल्या होत्या. उत्पन्न दाखवायला काहीतरी लेखी मिळेल एवढाच विचार. वकीलबाईंनी सांगितलं होतं की 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात गृहिणीच्या कामाचं मोल धरायला हवं असं ठासून सांगितलंय आणि त्यात 2019 च्या सरकारी पाहणीचा आधार घेतलाय. घरकामात बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97. पण आईची वही उघडून मी तारखा वाचायला लागले आणि उत्पन्न विसरूनच गेले. गणपतीच्या आधीची पानं गच्च. खोकल्याच्या सुरुवातीलाही रोज दोन-तीन साड्या. एकेटी सुरू झाल्यावर नोंदी विरळ होतात, अक्षर खाली घसरतं, एका ठिकाणी "शालू परत दिला, बसवत नाही" एवढंच. ज्या तारखेला केसपेपर म्हणतो प्रकृतीत सुधारणा, त्या अख्ख्या महिन्यात वहीत एक साडी. नंतर कोरी पानं. आणि टाटाची गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा निळ्या शाईत, "तळमजल्याच्या वहिनी, अबोली, फॉल." मग पुढे पानंच्या पानं. हळदीकुंकवाच्या साड्या, कुणाच्या तरी डोहाळजेवणाची हिरवी, माझ्या मुलीची कॉलेजच्या साडी डेची. पैशांपुढे बरोबरच्या खुणा.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर त्या पानांत आहे. ती वाचली असती की नाही हे कुणी सांगू शकत नाही, मान्य. पण बरोबर औषध मिळाल्यावर ती चटईवर परत बसली, सुईत दोरा ओवला, रात्री भूक लागली म्हणाली, हे घडलेलं आहे आणि तिच्याच हाताने तारखेसकट लिहिलेलं आहे. असे महिने तिला आधी मिळू शकले असते. त्या ऐवजी तिने ते संडासातला केशरी रंग बघत, उमासे काढत, बरी होतेय असं समजत घालवले. गेलेल्या त्या महिन्यांबद्दल आम्ही विचारतोय. मामाला मी हेच सांगितलं. पैसे मागायची मला लाज वाटत नाही. तिने अख्खा जन्म एकेका साडीचे पैसे मोजून घेतले, कुणाचे बुडवले नाहीत आणि आपले सोडले नाहीत. आणि भरपाईचा दावा लागला म्हणूनच हॉस्पिटलला लेखी उत्तर द्यावं लागलं. त्याआधी आमच्या पत्राला पोचसुद्धा आली नव्हती.

वही आता पुराव्याच्या यादीत आहे, तिला निशाणी क्रमांक मिळेल. उत्पन्नाच्या जागी वहीवरून काढलेली सरासरी गेली आहे. आकडा मोठा नाही. टाइप करणाऱ्या मुलीने तो घालताना विचारलं, "माझ्या आईचंही असंच असेल ना हो?" मी म्हटलं, मोजून बघ.

चाळीतल्या एका मुलाला मध्यंतरी तसाच खोकला लागला. मी त्याच्या आईच्या मागे लागून लागून बेडक्याची जनुकीय तपासणी करायला लावली. त्याला टीबीच निघाला, गोळ्यांनी तो बराही झाला, आता गोविंदा पथकात वरच्या थरावर चढतो. त्याला बरं झालेलं बघताना आमच्या डॉक्टरांना त्या सावलीत टीबी का दिसला हे मला नीट समजतं. पहिल्या दिवशी टीबी म्हणण्याला माझी हरकत नाहीच. हरकत आहे ती दुसऱ्या एक्स-रेनंतरही तेच म्हणत राहण्याला.

तक्रारीच्या शेवटी मागण्या असतात. उपचारांचा खर्च, उत्पन्नाचं नुकसान, शारीरिक व मानसिक त्रासापोटी, तक्रारीच्या खर्चापोटी. त्याखाली आम्ही आणखी एक घातली आहे. पुढची तपासणी करा असं ज्या रिपोर्टात लिहिलेलं असेल, तो बघितल्याची सही डॉक्टरांनी तारखेसह केल्याशिवाय फाइलीत लावायचा नाही, आणि ती ओळ रुग्णाला त्याच्या भाषेत सांगायची, असा नियम सामनेवाल्यांनी करावा. सेवेतली त्रुटी दूर करा असा आदेश द्यायचा अधिकार आयोगाला कायद्याने आहे. वकीलबाई म्हणाल्या, अशा मागण्या सहसा मंजूर होत नाहीत, आयोग रकमेवर बोलतो, ही काढून टाकली तर मसुदा आटोपशीर होईल. भावाने माझ्याकडे बघितलं. आम्ही ती काढली नाही.